त्याने न दिलेला निरोप

तुरुंगात कुलपं पुष्कळ होती, पण पहारेकऱ्यांनी 'कुलूप' हे नाव ठेवलं होतं ते अधीक्षकसाहेबांच्या सेक्रेटरीबाईंना. नको ती गोष्ट त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. कोणाची बदली होणार, कोणाची रजा नामंजूर झाली, कोणत्या कैद्याने कोणावर हात उचलला, सगळं त्यांच्याच बोटांखालून टाईप होऊन जायचं. जेवणाच्या सुट्टीत कोणी खडा टाकून पाहिला, तर बाई डब्यातला घास मोडत एवढंच म्हणायच्या, "मला काय ठाऊक, मी आपली टायपिंगवाली." हे टोपणनाव त्यांच्या कानावर आलं होतं. राग आला नव्हता. उलट आपल्याबद्दल इथे कोणी काही बोलतं तरी, म्हणून मनातल्या मनात बरंच वाटलं होतं.

त्यांची खोली साहेबांच्या दालनाबाहेरची, लांबट. खिडकीला गज आणि गजांपलीकडे भिंत. टेबलावर कॉम्प्युटर, शिक्के, शाईचं पॅड, इंटरकॉम आणि बाहेरच्या जगाशी बोलणारा एकच जुना काळा फोन. आत मोबाईल न्यायला बंदी होती. तो सकाळी गेटवरच्या कप्प्यात ठेवायचा आणि संध्याकाळी जमादाराकडून परत घ्यायचा. सकाळी आल्या आल्या कैद्यांच्या मोजणीचा आकडा वर कळवायचा, मग कोर्टाच्या तारखा, दवाखान्याची पत्रं, वकिलांचे अर्ज. साहेब फेरीला गेले की खोली ओस पडायची आणि भिंतीपलीकडच्या सुतारशाळेतली करवत ऐकू यायची.

घरी गेल्यावर तेवढाही आवाज नव्हता. बाईंनी लग्न केलं नव्हतं, किंवा खरं सांगायचं तर ते करायचं राहून गेलं होतं. धाकटा भाऊ परदेशात स्थिरावला, आणि अंथरुणाला खिळलेली आई बाईंच्या वाट्याला आली. आई शेवटी शेवटी रोज विचारायची, "त्याचा फोन आला होता का गं?" बाई सांगायच्या, "आला होता. तू झोपली होतीस. तुझी चौकशी केली." आईला ते पुरायचं. ती गेल्यावर भाऊ चार दिवस येऊन गेला, ताईच्या गळ्यात पडून रडला, आणि "ताई, आता तू स्वतःसाठी जग," असं सांगून विमानात बसला. स्वतःसाठी म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायचं राहिलं. शेजारणी सुरुवातीला गप्पा मारायला यायच्या, पण त्यांना आतल्या खुनी-दरोडेखोरांच्या कहाण्या हव्या असायच्या. बाई काही सांगेनात, तेव्हा त्यांचं येणं आपोआप कमी झालं.

अशा दिवसांत ती म्हातारी फोन करू लागली.

पहिल्यांदा केला तो एका मंगळवारी, साहेब फेरीला गेलेले असताना. पलीकडून दबकत आवाज आला, "तुरुंग ना? माझा मुलगा आहे तुमच्याकडे. तो बरा आहे का, एवढंच सांगा."

बाईंनी नाव विचारलं, पडद्यावर पाहिलं. सुतारशाळेतला कैदी. जन्मठेप. भांडणात एकाच्या डोक्यात हातोडा घातला होता, आणि तो माणूस जागीच गेला होता. भेटीच्या रकान्यात त्याने स्वतःच लिहून दिलं होतं: कोणालाही भेटायचं नाही.

"हजर आहे. तब्येत ठीक आहे," बाई म्हणाल्या. फोनवर सांगायची परवानगी तेवढीच होती.

"देव तुमचं भलं करो," म्हणून म्हातारीने फोन ठेवला.

पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. हजर आहे, तब्येत ठीक आहे. मग एकदा फोन ठेवता ठेवता म्हातारीने विचारलं, "आणि तू गं? आवाज बसलाय तुझा. सर्दी झाली का?"

बाई गोंधळल्या. त्या फोनवरून आजवर कोणी त्यांच्या सर्दीची चौकशी केली नव्हती. "थोडीशी," त्या म्हणाल्या.

"गरम पाण्याची वाफ घे. उगाच अंगावर काढू नकोस. घरात कोणी आहे का करणारं?"

"मीच आहे, मावशी."

'मावशी' हा शब्द कसा निघून गेला ते त्यांचं त्यांना कळलं नाही. नंतर दर मंगळवारी साहेब फेरीवर गेले की त्या फायली बाजूला सारून बसू लागल्या. बोलणं काही फार नसायचं. मावशीच्या गुडघ्यांचं दुखणं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची गळकी मोरी, बाईंना नवीन चष्म्याने येणारी चक्कर. मुलाचा विषय पहिल्या वाक्यात संपायचा. पण एकदा मावशी आपणहून बोलली.

"तो माझ्यावर का रुसलाय ठाऊक आहे का तुला? त्या दिवशी तो पळून घरी आला आणि माळ्यावर लपला. पोलीस आले. मला विचारलं, मुलगा कुठेय. मी बोट वर केलं."

बाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"बाहेर त्या मेलेल्याची बायको उभी होती गं, अंगावरचं पोर घेऊन. तिच्याकडे बघून माझा हात वर गेला. खाली उतरवताना त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, तेवढंच. कोर्टात मी समोरच बसलेली असायची, पण मान वळवली नाही त्याने."

त्या दिवशी घरी जाताना बाईंना सारखं ते वर गेलेलं बोट दिसत राहिलं.

मग एका मंगळवारी फोन वाजलाच नाही. बाई कामात लक्ष लागत नसताना टाईप करत राहिल्या आणि दोन पत्रांवर चुकीची तारीख घातली. गुरुवारी फोन आला. आवाज इतका खोल गेला होता की आधी ओळखूच येईना.

"मोरीत पडले गं. सबंध दिवस तशीच होते फरशीवर. शेजारीण दळणाचा डबा द्यायला आली, म्हणून सापडले. हाड मोडलं नाही, नशीब." मग श्वास घेऊन म्हणाली, "पडल्या पडल्या एकच विचार डोक्यात. मी अशीच गेले तर त्याला कोण सांगणार? आणि सांगितलं, तरी त्याला काही वाटेल का? एक विचारू? कधी तरी माझं नाव काढतो का तो? एकदा तरी?"

नियम बाईंना पाठ होता. उत्तर तयार होतं. ते जिभेवर आलंही. पण पलीकडे मावशीचा श्वास घरघरत होता, आणि बाईंना आपली आई दिसली, उशीवर मान वळवून दाराकडे बघणारी.

"काढतो ना," बाई म्हणाल्या. "परवाच विचारत होता. म्हणाला, आईला सांगा गुडघ्यांना जप, जिने चढू नकोस."

मग मावशी अगदी हळू म्हणाली, "असं म्हणाला?"

"हो."

"बरं," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी बाईंना फार हलकं वाटलं. येताना त्यांनी स्वतःसाठी फुलं घेतली आणि घरी फुलदाणी सापडेना, म्हणून पाण्याच्या तांब्यात ठेवली. आपण काय करून बसलोय, हे त्यांना रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशीही नव्हे, तर पुढच्या आठवड्यात भेटीच्या दिवशी कळलं, जेव्हा गेटवरून जमादाराचा इंटरकॉम आला.

"बाई, एक म्हातारी आलीय. म्हणते, माझ्या मुलाने निरोप पाठवलाय, मला भेटायचंय. तो आपला सुतार हो. त्याच्याकडे माणूस पाठवला, तर तो म्हणतो कसला निरोप, मी कोणाला निरोप दिला नाही, तिला परत पाठवा. म्हातारी ऐकत नाही. तुमचं नाव घेतेय. म्हणजे नाव नाही, 'फोनवरच्या बाईंना बोलवा' म्हणतेय."

ऑफिसपासून गेटपर्यंतची वाट रोजची, पण त्या दिवशी मधले दोन दरवाजे उघडून पुन्हा लागेपर्यंत त्यांना दरदरून घाम फुटला.

भेटीला आलेल्या लोकांच्या खोलीत बाकावर एक बारकीशी बाई बसली होती. फोनवरच्या आवाजावरून बाईंनी मनात एक थोराड, ऐसपैस बाई उभी केली होती. ही तर मुठीएवढी होती. ठेवणीतले कपडे घातलेले, केस पाणी लावून चापूनचोपून बसवलेले, काठी गुडघ्यांत धरलेली. हातात काही नव्हतं. आत काही नेऊ देत नाहीत हे बाईंनीच तिला कधीतरी सांगितलं होतं.

"मावशी," बाई म्हणाल्या.

म्हातारीने वर पाहिलं. "तू होय. फोनवर तरुण वाटतेस गं."

बाई शेजारी बसल्या. सबबी खूप होत्या: गडबड झाली, दुसऱ्या कोणाचा निरोप होता, त्याचं मन बदललं. यातली कुठलीही चालली असती.

"तो म्हणाला नव्हता," बाई म्हणाल्या. "मी मनाने सांगितलं."

"ठाऊक आहे मला."

"म्हणजे?"

"तो मला आई म्हणत नाही. लहानपणापासून माई म्हणतो. तू 'आईला सांगा' म्हणालीस ना, तेव्हाच कळलं."

"कळलं होतं, तर एवढ्या लांब का आलात? गुडघे दुखत असताना?"

म्हातारी काठीची मूठ चोळत राहिली. "म्हटलं, इतकी वर्षं झाली. तिथे सगळेच आई म्हणत असतील. बदललाही असेल." थोडं थांबून म्हणाली, "यायला काहीतरी निमित्त हवं होतं. तू दिलंस. आता बसपर्यंत सोडायला ये. त्या जमादाराला मी रडताना दिसायला नको."

बाईंनी तिला बसपर्यंत सोडलं. ती रडली नाही. बसमध्ये चढताना कंडक्टरला म्हणाली, "जरा दमाने घे रे बाबा, पायरी उंच आहे." आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली. बाईंच्या बाजूच्या खिडकीशी नाही.

पुढचे दिवस बाईंनी जीव मुठीत धरून काढले. साहेबांच्या कानावर आपणच घालावं असं दहादा मनात आलं आणि दहादा राहिलं. तेवढ्यात तक्रारींचा दिवस उजाडला. आठवड्यातून एकदा साहेब कैद्यांचं गाऱ्हाणं समोर बसवून ऐकत, आणि शेजारी बसून ते लिहून घेणं हे बाईंचं काम. एकाची चप्पल चोरीला गेली होती, एकाला दातांचा डॉक्टर हवा होता. मग पहारेकऱ्याने सुताराला पुढे आणलं.

बाईंनी त्याला लांबून पाहिलं होतं, इतक्या जवळून पहिल्यांदाच. दाढीत पांढरं आलेलं, बाह्यांवर लाकडाचा भुसा. आईसारखाच बारका. हातोडा उचलणारा माणूस हाच, असं सांगूनही पटलं नसतं.

"तक्रार आहे, साहेब," तो म्हणाला. "या बाईंविरुद्ध."

साहेबांनी आधी त्याच्याकडे, मग बाईंकडे पाहिलं. खोलीतला पहारेकरी छताकडे बघू लागला.

"लिहा," साहेब म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. "म्हणजे... दुसऱ्या कोणाला बोलावू का?"

"नको, साहेब. लिहिते मी," बाई म्हणाल्या.

सुतार बोलू लागला. आवाज चढवला नाही. लिहून घेणाऱ्याला सोपं जावं, असा थांबत थांबत बोलत होता, आणि ते जास्त लागत होतं.

"यांनी माझ्या नावाने माझ्या माईला खोटा निरोप दिला, गेटवरच्या माणसाकडून कळलं मला. साहेब, इथे माझं काय आहे? कपडे तुमचे. ताट तुमचं. झोपायचं कधी, उठायचं कधी, तुम्ही सांगणार. माझ्या नावाऐवजी नंबर आहे, तोही तुमचाच. माझी म्हणून एकच गोष्ट होती. मी तिच्याशी बोलत नाही, ही. ती मी इतकी वर्षं सांभाळली. या बाईंनी ती मला न विचारता उचलली आणि देऊन टाकली."

बाईंचं पेन चालत होतं. 'देऊन टाकली' इथे त्यांनी पूर्णविराम दिला.

"बाई, हे खरं आहे का?" साहेबांनी विचारलं. खरं नाही म्हणा, असा सूर होता त्यात.

"खरं आहे, साहेब."

"का केलंत?" हे साहेबांनी नाही, सुताराने विचारलं.

बाईंनी मान वर केली. "त्या पडल्या होत्या. मोरीत. दिवसभर फरशीवर होत्या. मला वाटलं, तेवढाच आधार होईल."

हे त्याला ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. बाईंना वाटलं, आता तो विचारेल: कशी आहे, हाड मोडलं का. त्याने ओठ घट्ट मिटले आणि साहेबांकडे वळून म्हणाला, "माझी तक्रार झाली, साहेब. जाऊ का?"

तो गेल्यावर साहेब बराच वेळ टेबलावर पेपरवेट फिरवत बसले. माणूस वाईट नव्हता, निवृत्ती जवळ आली होती, आणि त्यांना भानगडी नको होत्या.

"बाई, तुम्ही? दुसऱ्या कोणी केलं असतं तर समजलो असतो. आता लेखी ताकीद द्यावी लागेल. लिहून घ्या."

बाईंनी वहीचं नवं पान काढलं. स्वतःला द्यायची ताकीद त्या स्वतःच लिहून घेऊ लागल्या. "आपण कर्तव्यात निष्काळजीपणा दाखवून..." साहेब सांगत होते.

"साहेब," बाई मध्येच म्हणाल्या, "निष्काळजीपणा नाही झाला. मी विचार करून बोलले होते."

"मग काय लिहायचं?"

"'अधिकार नसताना' असं लिहा."

"लिहा मग तसंच," साहेब म्हणाले आणि चष्मा काढून डोळे चोळू लागले.

बाईंनी ते टाईप केलं, शुद्धलेखन तपासलं, साहेबांच्या सहीला ठेवलं, शिक्का मारला, एक प्रत फाईलला लावली आणि एक स्वतःच्या हातात दिली. पोच म्हणून सहीही केली. नातेवाइकांचे फोन यापुढे हेडक्लार्कने घ्यायचे, असं शेवटी होतं. काळा फोन उचलून पलीकडे हेडक्लार्कच्या टेबलावर नेला, तेव्हा बाईंच्या टेबलावर जिथे तो होता तिथे धुळीचा एक चौकोन राहिला. त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला.

बातमी दुपारपर्यंत सगळीकडे झाली. 'कुलूप फुटलं' म्हणून पहारेकरी आपसात हसले असणार, पण बाई समोरून आल्या की गप्प व्हायचे. जमादाराने मात्र संध्याकाळी मोबाईल परत देताना हळूच म्हटलं, "बाई, मनाला लावून घेऊ नका. आम्ही रोज दहा वेळा खोटं बोलतो. तुम्हाला सवय नाही म्हणून सापडलात." बाईंना हसू आलं, आणि गेटबाहेर आल्यावर डोळ्यांत पाणी.

खरं तर त्यांना ताकीद लागली नव्हती. लागलं होतं ते सुताराचं बोलणं. तो बरोबर होता. आपण एका एकट्या माणसाच्या खिशात हात घालून दुसऱ्या एकट्या माणसाला दिलं, आणि मध्ये आपलाही वाटा काढून घेतला. ती फुलं आपण कोणत्या आनंदात आणली होती? आईलाही आपण असंच वर्षभर सांगत राहिलो. तिलाही कळत असेल का? कळत असूनच ती रोज विचारत असेल का? आता हे कोणाला विचारायची सोय राहिली नव्हती.

मंगळवार येत गेले. मावशीचा फोन येत नव्हता, हेडक्लार्कलाही नाही. बाई त्याच्या टेबलाकडे कान देऊन बसायच्या, आणि वकिलांचे, ठेकेदारांचे आवाज ऐकून पुन्हा मान खाली घालायच्या. घरी त्या रेडिओ लावून ठेवू लागल्या. ऐकायला नाही, नुसता बोलता राहावा म्हणून.

थंडीच्या तोंडाशी बदल्यांची यादी आली. तुरुंगात माणसं मावेनाशी झाली होती, म्हणून काही जणांना लांबच्या दुसऱ्या तुरुंगात हलवायचं होतं. हुकूम टाईप करता करता बाई सुताराच्या नावाशी थांबल्या. कैद्याला हलवलं की घरी कळवायचं, असा नियम होता. त्या उठून साहेबांच्या दालनात गेल्या.

"साहेब, या एका घरी मी फोन करू का?"

साहेबांनी नाव पाहिलं. बराच विचार केला. "माहिती द्यायची. तेवढीच."

"तेवढीच, साहेब."

कैद्यांची गाडी रवाना झाल्यावर बाईंनी हेडक्लार्कच्या टेबलावरून फोन लावला. पलीकडे खूप वेळ घंटी वाजत राहिली. मग तोच आवाज. बाईंनी एका दमात सांगितलं: तुमच्या मुलाला हलवलंय, अमुक ठिकाणी, तब्येत ठीक आहे.

"लांब आहे गं ते?" मावशीने विचारलं.

"बसने अर्धा दिवस. मध्ये एकदा बस बदलावी लागते."

"हं." मग थोड्या वेळाने, "तुला माझ्यापायी बोलणी खावी लागली म्हणे. जमादाराला फोन केला होता मी गेटवर. त्याने सांगितलं."

"तुमच्यापायी नाही, मावशी. माझी चूक होती."

"चूक होतीच," मावशी म्हणाली. "मी रागावले होते तुझ्यावर. म्हणून तुला फोन केला नाही. मग राग गेला, तरी करायला तोंड नव्हतं." जरा थांबून ती एकदम कामाचं बोलावं तशी म्हणाली, "मला तिथे जायचंय. तो भेटणार नाही, ठाऊक आहे. पण तो कुठे आहे ती जागा तरी बघून यावी. मला बस बदलायची भीती वाटते. तू येशील?"

साहेबांचं दार उघडं होतं. माहिती तेवढीच, असं ठरलं होतं. "मी घरून फोन करते तुम्हाला, संध्याकाळी," बाई म्हणाल्या.

सुट्टीचा दिवस बघून त्या दोघी निघाल्या. मावशी बाईंच्या खांद्याला धरून दुसऱ्या बसमध्ये चढली. वाटेत ती मुलाबद्दल एक शब्द बोलली नाही. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक घराची दारं-खिडक्या मात्र बघत होती, आणि मध्येच म्हणायची, "हे काम चांगलं केलंय," "ही चौकट तिरकी बसलीय बघ." सुताराची आई होती ती.

तो तुरुंग यांच्यापेक्षा मोठा आणि नवा होता. गेटवर बाईंनी मोबाईल काढून दिला, नाव सांगितलं. पहारेकऱ्याने विचारलं, "कैद्याच्या कोण?" मावशी म्हणाली, "मी आई." बाईंकडे बोट करून म्हणाली, "आणि ही माझ्याबरोबर आहे." पहारेकऱ्याला तेवढं पुरलं.

बाईंनी नोकरीतली सगळी वर्षं अशा खोलीच्या पलीकडच्या बाजूला काढली होती. या बाजूच्या बाकाला पाठ नसते, हे त्यांना आज कळलं. आजूबाजूला बायका, म्हातारे, एक झोपलेलं पोर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. नावं पुकारली जात होती आणि ज्याचं नाव येई तो दचकून उठत होता. आपण टाईप केलेल्या यादीतली नावं अशी उठून उभी राहतात, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मावशीचं नाव पुकारलं नाही. खोली जवळजवळ रिकामी झाल्यावर एक पहारेकरी आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "तो भेटायला येत नाही म्हणतो."

"काही बोलला का?" मावशीने विचारलं.

"नाही, आजी. मान हलवली नुसती."

मावशीने बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. मावशीने काठी टेकवली. "बरं," ती म्हणाली, "बराकी कुठल्या बाजूला आहेत, तेवढं दाखवशील?" पहारेकऱ्याने हाताने दाखवलं. एक लांब भिंत, वर पत्र्याचं छप्पर. मावशी तिकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली, देवळात उभी राहावी तशी नाही, तर एखादं घर भाड्याने घ्यावं की नाही हे बघावं तशी.

"ऊन येतं इथे," ती म्हणाली. "चल."

परतीच्या बसमध्ये ती बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिचं वजन ते काय, पण बाईंचा हात हळूहळू बधिर झाला. त्यांनी तो हलवला नाही. बाहेर अंधारून येत होतं, काचेत त्यांना आपलाच चेहरा दिसत होता आणि त्याखाली पांढऱ्या केसांचा एक छोटा अंबाडा.

स्टँडवर दोघींच्या वाटा वेगळ्या. मावशी उतरली, काठी सावरली, आणि म्हणाली, "थंडी सरली की पुन्हा जाऊ. तोवर गुडघे राहिले तर."

"जाऊ," बाई म्हणाल्या.

त्या घरी आल्या, दिवा लावला, दुधाला उकळी आणली, एकट्याच बसून प्याल्या. घर होतं तसंच गप्प होतं.

मावशीचे गुडघे राहिले. थंडी सरल्यावर बाईंनी रजेचा अर्ज टाईप करायला घेतला. कारणाच्या रकान्यापाशी त्यांची बोटं अडली. आईच्या आजारपणानंतर त्यांनी रजाच घेतली नव्हती, आणि खरं कारण काय लिहावं हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं. साहेबांनी न वाचताच सही केली.